पांढऱ्यावर लाल

रक्ताचे गट चार, असं पुस्तकात लिहिलंय. ए, बी, एबी आणि ओ. रक्तगटांच्या शोधाबद्दल कार्ल लँडस्टायनर यांना १९३० साली नोबेल मिळालं. सरकारी रुग्णालयात पांढरा युनिफॉर्म घालून उभी हयात गेल्यावर मी मात्र छातीठोकपणे सांगते, गट दोनच. पुढचं रक्त आणि मागचं रक्त.

पुढचं रक्त पेशंटचं. रात्री दोनला हायवेवरची केस येते. ट्रॉली ढकलता ढकलता, शीर शोधता शोधता सिस्टरच्या युनिफॉर्मवर पोटापासून गुडघ्यापर्यंत नकाशा उमटतो. त्या नकाशाला मान असतो. नातेवाईक हात जोडतात. एरवी "चार्ट कुठाय?" यापलीकडे न बोलणारे डॉक्टर म्हणतात, "सिस्टर, आधी चहा घेऊन या." वॉर्डबॉय बाजूला होऊन वाट देतो. मागचं रक्त सिस्टरचं स्वतःचं, आणि डाग असतो रुपयाच्या नाण्याएवढा. तो दिसला की तेच नातेवाईक छताच्या पंख्याकडे बघायला लागतात, डॉक्टरांना नेमका तेव्हाच फोन येतो आणि वॉर्डबॉयला तळमजल्यावरचं काम आठवतं. तपासलं तर हिमोग्लोबिन दोन्हींत सापडेल. सिस्टरच्या रक्तात जरा कमीच.

पांढऱ्या रंगाची नेमणूक मुळात डाग दिसावा म्हणूनच झालेली आहे, तेव्हा तो आपलं काम चोख करतो याबद्दल त्याच्यावर रागावता येत नाही. एकोणिसाव्या शतकात सर्जन काळा कोट घालून ऑपरेशन करत आणि त्या कोटावर वाळलेल्या रक्ताचे पोपडे म्हणजे अनुभवाचा दाखला समजला जाई. मग जंतूंची भानगड कळली आणि स्वच्छता नुसती असून चालेना, ती दिसायलाही हवी असं ठरलं. झाडून सगळे पांढऱ्यात आले. पण सर्जन मंडळी त्यात फार काळ रमली नाहीत. दिव्याखाली पांढऱ्या चादरींची तिरीप डोळ्यांवर येते, लाल रक्ताकडे बघून पांढऱ्याकडे बघितलं की डोळ्यांपुढे भुतं नाचतात, अशी तक्रार सुरू झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या हॅरी शर्मन नावाच्या सर्जननं १९१४ साली लालचा विरुद्ध रंग म्हणून पालकाच्या भाजीचा हिरवा रंग ऑपरेशन थिएटरमध्ये आणला. हिरव्यावर रक्त भडक दिसत नाही, काळपट दिसतं. म्हणजे ज्यांचा रक्ताशी संबंध तासा-दोन तासांचा, त्यांच्या डोळ्यांची सोय झाली. ज्यांचा संबंध महिन्याला चार-पाच दिवस आणि असा वयाची पस्तीसेक वर्षं, त्या पांढऱ्यातच राहिल्या.

याचं खापर फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंवर फोडायची पद्धत आहे. बाईंचा काही संबंध नाही. १८५४ साली त्या ३८ नर्सेस घेऊन स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेल्या, तेव्हा त्यांच्या नर्सेसचा पोशाख करड्या रंगाच्या जाड लोकरी कापडाचा होता. डाग लपवायला एकदम नामी. पांढरी होती ती डोक्यावरची टोपी. आता दर वर्षी १२ मेला, बाईंच्या जयंतीला, आम्ही पांढऱ्याशुभ्र कपड्यांत त्यांच्या फोटोला हार घालतो, हातात मेणबत्ती घेऊन शपथ घेतो आणि प्रमुख पाहुणे आम्हाला "पांढऱ्या वेशातल्या पऱ्या" म्हणतात. परीला पाळी येत नाही, त्यामुळे तिला पांढरं परवडतं. पाहुण्यांचं भाषण तासभर चालतं. मांडववाल्यानं खुर्च्यांनाही पांढऱ्या साटिनचे झगे चढवलेले असतात. शेवटी राष्ट्रगीताला उठायचं म्हटलं की सभागृहातल्या एकूणएक सिस्टर उभ्या राहता राहता मान वळवून आपापल्या खुर्चीकडे एक नजर टाकतात. स्टेजवरून ते दृश्य कसं दिसत असेल, कुणास ठाऊक. पाहुण्यांना बहुधा वाटत असेल, पर्स शोधतायत.

पांढऱ्याच्या आत काय घालावं, हे शास्त्र नर्सिंगच्या कुठल्याही वर्षाला शिकवत नाहीत. नवीन मुलगी जॉइन झाली की पहिले काही दिवस पांढऱ्याखाली पांढरं घालून येते. ट्यूबलाइटखाली ते दुप्पट पांढरं दिसतं, हे तिला कुणीतरी बाजूला घेऊन सांगावं लागतं. लपतो तो अंगाचा रंग. पण दुकानात "स्किन कलर" म्हणून जो मिळतो तो नेमका कुणाच्या स्किनचा, हे मला आजवर कळलेलं नाही. आमच्या वॉर्डात तरी त्या रंगाचं कुणी नाही, काविळीचे पेशंट सोडले तर.

पाळीच्या दिवसांत या शास्त्राची पदव्युत्तर शाखा सुरू होते. एक पॅड नेहमीच्या जागी, दुसरं त्याच्या मागच्या टोकाला आडवं, इंग्रजी टी करून. त्यावर सायकलिंगची चड्डी. ती काळी असते आणि काळी वरून दिसते, म्हणून तिच्यावर पांढरा परकर. त्यावर सलवार, त्यावर कमीज, आणि इन्चार्ज कडक असेल तर ॲप्रन. मे महिन्यात, कूलर बंद पडलेला असताना, दहीहंडीला लागतील एवढे थर रचून सिस्टर ड्युटीवर हजर होते आणि पेशंटला सांगते, "सुती, सैल कपडे घाला हं, घाम साचू देऊ नका."

एवढं करूनही कापडावर विश्वास कुणी ठेवत नाही. विश्वास ठेवायचा तो दुसऱ्या सिस्टरवर. नाईटला पहाटे चारच्या सुमाराला, व्हायटल्स घेऊन झाले की, कॉरिडॉरमध्ये हा संवाद हमखास ऐकू येतो.

"ताई, जरा बघा ना."

"चल पुढे. सरळ चाल गं, लाजतेस काय. थांब, वळ जरा उजेडात. नाही, काही नाही, चुरगळलंय नुसतं."

"नक्की?"

"अगं, नक्की. आता माझं बघ."

तपासणारी आणि तपासून घेणारी, दोघींची एकमेकींशी एरवी सुट्ट्यांवरून भांडणं असतात. बदली ड्युटीवरून महिना महिना अबोला असतो. पण "जरा बघा ना" म्हटल्यावर नाही म्हणालेली सिस्टर मी पाहिलेली नाही. अबोला असेल तर न बोलता बघतात आणि मान हलवतात.

डाग पडलेला आहे आणि चेंजिंग रूम लांब आहे, अशा वेळी आमचं सर्वात भरवशाचं साधन होतं एक्स-रेचं पाकीट. छातीच्या एक्स-रेचं. १४ बाय १७ इंचांची फिल्म मावायची त्यात, म्हणजे पाकीट त्याहून चार बोटं मोठंच. दोन्ही हातांनी पाठीमागे धरलं की सिस्टर काहीतरी महत्त्वाचं घेऊन निघालीये असं वाटतं. आमच्याकडे एक ब्रदर होते, चार बहिणींत वाढलेले. त्यांनी एकदा भर राउंडमध्ये एका सिस्टरच्या हातात रिकामं पाकीट दिलं आणि म्हणाले, "हे तेवढं एक्स-रेला देऊन या." एक्स-रेची वाट चेंजिंग रूमवरून जाते. ते पुढे बदलून गेले तेव्हा निरोपाच्या भाषणात कुणीही हा प्रसंग सांगितला नाही, पण रडल्या सगळ्या. आता एक्स-रे डॉक्टरांच्या मोबाइलवर दिसतात. प्रगती झाली, पाकिटं गेली. उरला केसपेपर, आणि केसपेपरनं काय झाकणार?

पाकीट नसेल तर भिंत असते. भिंतीला पाठ लावून वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाण्यात आमच्या काही सिस्टर इतक्या तयार आहेत की वाटेतल्या स्विचबोर्डांची जागा त्यांना पाठ आहे, शब्दशः. आणि मेट्रनच्या केबिनमधून उलट पावली बाहेर येणाऱ्या सिस्टरांना आपल्याबद्दल केवढा आदर आहे, असा एका मेट्रनबाईंचा निवृत्तीपर्यंत समज होता. तो कुणी मोडला नाही. त्यांनी लिहिलेल्या गोपनीय अहवालांत त्याचा सगळ्यांनाच फायदा झाला.

डाग काढण्याच्या बाबतीत मात्र आमच्या तोडीस तोड ठरेल अशी कंपनी अजून निघालेली नाही. पहिला नियम, गार पाणी. गरम पाणी घातलं की रक्तातलं प्रोटीन शिजून धाग्यात घट्ट बसतं आणि मग तो डाग पेन्शनपर्यंत सोबत करतो. दुसरा, हायड्रोजन पेरॉक्साइड. रक्तात कॅटलेज नावाचं एन्झाइम असतं, ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, म्हणून फसफस फेस येतो आणि डाग वर उचलला जातो. ड्रेसिंग ट्रॉलीवरची ती बाटली जखमा धुण्यासाठी असते, असं इंडेंटमध्ये लिहावं लागतं.

आणि धुवायलाच वेळ नसेल तर तिसरा उपाय, बीटाडीन. तपकिरी, जाड, निर्विवाद वैद्यकीय. डागावर सरळ बीटाडीन ओतायचं आणि वॉर्डभर ऐकू जाईल असं म्हणायचं, "अगंबाई, सांडलं!" पाठीवर बीटाडीन कसं सांडतं, हा प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे आणि तो आजवर एकाही पुरुषानं विचारलेला नाही. ऑडिटवाल्यांनी एकदा आमच्या वॉर्डाचा बीटाडीनचा खप बघून विचारलं होतं, "एवढ्या जखमा होतात का हो इथे?" इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "होतात."

गंमत अशी की ज्या पॅडसाठी ही सगळी यातायात, ते पॅड वॉर्डातूनच जगात गेलेलं आहे. पहिल्या महायुद्धात जखमींच्या ड्रेसिंगसाठी किंबर्ली-क्लार्क कंपनीनं लाकडाच्या लगद्यापासून सेल्युकॉटन नावाचा कापूस काढला. कापसापेक्षा स्वस्त आणि रक्त शोषायला कापसाहून सरस. फ्रान्समधल्या छावण्यांतल्या नर्सेसनी तो सैनिकांच्या जखमांना बांधला आणि उरलेला स्वतःसाठी वापरला. युद्ध संपल्यावर कंपनीच्या गोदामात माल पडून होता, तेव्हा तिला नर्सेसची ही युक्ती कळली आणि १९२० साली कोटेक्स बाजारात आलं. नर्सेसना त्यात रॉयल्टी मिळाल्याचं ऐकिवात नाही. आमच्या वॉर्डात ती परंपरा अजून चालू आहे. दुपारी दोन ते चार पेशंट झोपले की सिस्टर आणि मावशी गॉझचे तुकडे कापत, कापसाची पॅडं वळत बसतात. ती ड्रममध्ये भरून ऑटोक्लेव्हला जातात, १२१ अंशांवर. एखादीची तारीख अचानक चार दिवस आधी उगवली तर त्या ड्रमला हात घालावा लागतो. जगात एवढं निर्जंतुक पॅड श्रीमंतातल्या श्रीमंत बाईला मिळत नाही. डेकोरेशन तेवढं कमी पडतं. जाहिरातीतल्यासारखं त्यातून निळं पाणी येत नाही.

पण आमच्या धंद्यातला खरा विनोद प्रसूतिपश्चात वॉर्डात आणि गरोदर बायकांच्या ओपीडीत बघायला मिळतो. तिथे पाळी हा दिवसभराचा, मोठ्या आवाजात बोलायचा विषय आहे. चाळीस बायकांची रांग, मागे नवरे, सासवा, रडणारी पोरं, आणि सिस्टर टेबलावरून ओरडते :

"शेवटची पाळी कधी आली होती?"

"गणपती उठले त्या दिवशी."

"कुठले गणपती? दीड दिवसाचे, पाच दिवसांचे, का अनंत चतुर्दशीचे?"

"आमच्यात गौरीबरोबर उठतात."

"मग गौरी गेल्या त्या दिवशी म्हण ना सरळ."

सिस्टर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघते, गौरीविसर्जनाची तारीख काढते, त्यात नऊ महिने सात दिवस मिळवते आणि बाळंतपणाची तारीख लिहून मोकळी होते. शेकडो बायकांची पाळी तिला पंचांगासकट तोंडपाठ असते. वर बाळंतिणीला विचारते, "सकाळपासून किती पॅड बदलली? पूर्ण भिजलं होतं का अर्धं?" आणि उत्तर सगळ्यांदेखत चार्टवर टिपते. हीच सिस्टर स्वतःला त्रास होत असेल त्या दिवशी रजेच्या अर्जात लिहिते, "घरगुती कारणास्तव".

बायोमेडिकल वेस्टचंही तसंच. २०१६ च्या नियमांप्रमाणे रक्तानं भिजलेला कापूस, बँडेज, पिवळ्या पिशवीत. नव्या स्टाफला याचं ट्रेनिंग मी स्वतः देते, रंगीत चार्ट दाखवून. पेशंटचं पॅड पिवळ्या पिशवीत उजळ माथ्यानं जातं. स्टाफच्या टॉयलेटमध्ये मात्र साधी बादलीसुद्धा नसते, त्यामुळे सिस्टरचं पॅड जातं ते कालच्या पेपरात गुंडाळून, पर्समधून, आजूबाजूला बघत. राशिभविष्याचं पान त्यासाठी बरं पडतं.

पांढरं फक्त आमच्याच नशिबी आहे असं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी इंग्लंडला कसोटीत ३४७ धावांनी हरवलं. बायकांच्या कसोटीत एवढ्या धावांनी आधी कुणीच जिंकलं नव्हतं. घरात सगळे स्कोअर बघत होते. मी पाटलोणी बघत होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पांढऱ्याफेक पाटलोणीत धावतायत, वाकतायत, चौकार अडवायला घसरत जातायत, आणि त्या अकरा जणींत तारखेच्या हिशेबानं एखाद-दोघी तरी असणारच, एवढा आकडेमोडीचा सराव मला आहे. मग बोलिंगला आलेल्या मुलीनं चेंडू मांडीवर घासला आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. क्रिकेटचा चेंडू लाल. घासून घासून त्याचा रंग पांढऱ्या पाटलोणीवर उतरतो, मांडीच्या वरच्या अंगाला, नाजूक जागेच्या शेजारीच. पुरुष क्रिकेटपटू पिढ्यानपिढ्या तो लाल पट्टा मिरवतायत. कॅमेरा त्यावर जवळ जातो. कॉमेंट्रीवाले कौतुक करतात की बघा, चेंडूची लकाकी राखायला किती कष्ट घेतोय. त्याला आजवर कुणी एक्स-रेचं पाकीट दिलेलं नाही.

गोऱ्यांना हे आपल्याआधी कळलं. विम्बल्डनमध्ये नखशिखांत पांढऱ्याचा दंडक, आणि तो मूळचा कशासाठी, तर घामाचे डाग उठून दिसू नयेत म्हणून. तिथेही नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झालं की पुढच्या वर्षीपासून बायकांना स्कर्टच्या आत गडद रंगाची शॉर्ट चालेल, फक्त स्कर्टपेक्षा लांब नको. इंग्लंडच्या फुटबॉलच्या मुलींनी २०२३ च्या वर्ल्ड कपआधी पांढऱ्या चड्ड्या सोडून निळ्या घेतल्या. या बातम्या आमच्या तरुण सिस्टरांच्या ग्रुपवर फिरल्या आणि त्यांनी ठरवलं, आपणही अर्ज करायचा.

अर्ज झकास झाला. "विषय : परिचारिकांच्या गणवेशाचा रंग बदलून मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की..." कारणं म्हणून धुलाई भत्ता तुटपुंजा आहे, पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, नळाला गढूळ पाणी येतं आणि आधुनिक युगात रंगसंगतीचं महत्त्व वाढलं आहे, असं सगळं दोन पानं भरून लिहिलं. खरं कारण तेवढं राहिलं. पंधरवड्यानं अर्ज परत आला. समासात शेरा होता : "सबळ कारण नमूद करावे." लाल शाईत.

आता ते कुणी नमूद करायचं, यावर ड्युटीरूममध्ये दोन दिवस खल झाला. "तांत्रिक कारणास्तव" लिहावं, "प्रशासकीय सोयीसाठी" लिहावं, "स्त्रीसुलभ अडचण" लिहावं, अशा सूचना आल्या. शेवटी आमच्यातल्या सर्वात सीनियर सिस्टरनी, ज्यांची स्वतःची पाळी कधीच गेलेली आणि निवृत्ती तोंडावर आलेली, अर्ज ओढून घेतला, लिहिलं, "कारण : मासिक पाळी", आणि खाली सही ठोकली. आवक-जावकच्या क्लार्कनं ते वाचलं, कानाच्या पाळ्या लाल केल्या आणि विचारलं, "ताई, हे आस्थापनेला पाठवू की भांडाराला?"

"बायोमेडिकल वेस्टला नको म्हणजे झालं," मागून कुणीतरी म्हणालं.

मग रीतसर बैठक झाली. एका साहेबांनी सांगितलं, पांढरा म्हणजे पावित्र्य. त्यांनी स्वतः चॉकलेटी सफारी घातला होता. दुसरे म्हणाले, रंग बदलला तर पेशंट सिस्टरला ओळखणार कसे? त्यावर आमच्या सिस्टर म्हणाल्या, साहेब, हातातल्या इंजेक्शनच्या ट्रेवरून ओळखतात, तोंड बघायचं धाडस कुणाला होत नाही. तिसऱ्यांनी, कधी नव्हे ते, काहीच आक्षेप घेतला नाही. त्यांना दोन मुली आहेत, दोघीही नर्सिंगला. निळा रंग तत्त्वतः मान्य झाला.

सध्या फाइल भांडारात आहे. नियमाप्रमाणे तीन कोटेशनं मागवलीत. पहिलं परवाच आलं, सर्वात कमी दराचं, सोबत कापडाचा नमुना टाचलेला. मी मुद्दाम जाऊन बघून आले. ऑफव्हाइट.